तेविसावा प्रश्न

पहिली घडी भेटीची, उजवी आली डावीला
दुसरी घडी नमनाची, डोकं लागलं पावलाला
तिसरी घडी झोपेची, बाळ वळलं कुशीला
पाठीवरून हात फिरव, मग दे फर्मा सुईला

आईचा आवाज खळीसारखा होता. पातळ, कोमट, आणि एकदा लागला की न सुटणारा. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी छापलेला मोठा कागद ताईनं समोर ओढला की तो आवाज आधी बोटांत यायचा आणि मग कानांत. कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यावर फर्मा ठेवून शिवत गेलं की पुस्तक उभं राहतं. एक घडी उलटी पडली तर दुसऱ्या पानानंतर भलतंच पान येतं आणि वाचणारा बिचाऱ्या लेखकाला शिव्या घालतो. ताईच्या हातून चाळीस वर्षांत एकही फर्मा उलटा गेला नव्हता.

धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे गाणं आमच्या धंद्यातलं. तीन पिढ्यांचं." समोरचा भोळा दिसला की पिढ्या पाच व्हायच्या.

ताई मान खाली घालून शिवत राहायची. गाणं धंद्यातलं नव्हतं. ते एका दुपारी, बाइंडिंगच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत, रद्दीच्या ढिगावर बसून आईनं रचलं होतं, एका तेरा वर्षांच्या मुलीसाठी. त्या मुलीला डावं-उजवं कळत नसे, घड्याळ कळत नसे, दुमडलेला कागद उलगडला की पुन्हा दुमडता येत नसे. डोळ्यांना जमत नाही ना, मग कानांनी दुमड, असं म्हणून आईनं तिच्या उजव्या मनगटावर शिवणीचा मेणलेला दोरा बांधला आणि गाणं लावून दिलं. "हातातलं गाणं हातातच ठेवायचं," ती म्हणाली. "लोकांना कळलं की लोक बोटं मोजतात."

दोरा अजून होता. झिजला की ताई नवा बांधायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय हुशार बाई, वेळेला दोरा नको का हाताशी!

आणि धाकट्याच्या मुलीची, भिंगरीची, दुसरी तपासणी ठरलेल्या मंगळवारी, सकाळी कारखान्याला कुलूप लावताना, ताईनं तो दोरा दोनदा चाचपला.

*

"पेशंट एक आणि माणसं चार?" वेटिंग रूममधल्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं. "सगळ्यांचीच तपासणी आहे का?"

"माझी करून टाका," आजोबा म्हणाले. "सूनबाई कधीपासून म्हणतेय."

"मी कधी म्हटलं, बाबा?" भावजय म्हणाली.

"तोंडानं नाही म्हटलंस."

दारावर पाटी होती: मुलांचे न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापन. आत जी बाई बसायची तिचं नाव त्या पाटीवर नीट लिहिलेलं होतं, पण पहिल्या भेटीनंतर भिंगरीनं तिला ठोकळेबाई करून टाकलं होतं आणि आता घरात दुसरं नाव चालत नव्हतं. भिंगरी नऊ वर्षांची. कुठलीही गोष्ट एकदा ऐकली की वेलांटीसकट सांगणारी, आजोबांना रोज नवं कोडं घालून हरवणारी, आणि बुटाची नाडी बांधायला बसली की रडकुंडीला येणारी. वहीत बेरजेचे आकडे मांडले की एककाचं घर सोडून दशकाच्या घरी मुक्कामाला जायचे. स्वेटर उलटा. शाळेत पाणी प्यायला गेली की परत दुसऱ्याच वर्गात जाऊन बसायची, आणि तिथंही गोष्ट सांगून सगळ्यांना आपलंसं करून टाकायची.

वर्गाच्या बाईंनी वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'एवढं बोलता येतं, मग लिहिता का येत नाही? मन लावत नाही.' शाळेचं म्हणणं सरळ होतं. तपासणीचा अहवाल आणा. अडचण खरी असेल तर चौकटीची वही, जास्त वेळ, तोंडी उत्तरं, सगळं देऊ. नसेल, तर हा आळस. मग पुढच्या वर्षी याच वर्गात पुन्हा.

"माझ्या मुलीच्या डोक्यात बिघाड नाही," धाकटा आजही पुटपुटला. पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून तो दुसऱ्यांनी बांधलेल्या पाठी तपासत होता. "हे बघ ताई, खळ जास्त लावलीय. वर्षभरात सुटणार."

"बिघाड कोण म्हणतंय?" भावजय औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, दहा गिऱ्हाइकांना एका वेळी उत्तर द्यायची तिला सवय होती. "चष्म्याचा नंबर काढतात तेव्हा डोळ्याचा अपमान होतो का?"

"डोळा वेगळा, डोकं वेगळं."

"तुझ्या बाबतीत अगदी लांब लांब," आजोबा म्हणाले.

भिंगरी खुदकन हसली. आजोबांचं असं होतं. ज्याच्या बाजूनं बोलतात असं वाटावं, त्यालाच टोला बसायचा.

तेवढ्यात ठोकळेबाई स्वतःच दार उघडून आल्या. उंच, केस आखूड, खांद्यावरची ओढणी कायम एका बाजूनं लोंबणारी. मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं, "तुमचा कारखाना असतो ना, तसाच मेंदू. आत बरेच कारागीर. एक शिवतो, एक कापतो, एक मोजतो. मी कोण चांगलं, कोण वाईट ठरवत नाही. कोणता कारागीर एकटा दमतोय आणि कोण त्याला हात देऊ शकेल, एवढंच बघते." ते धाकट्यालासुद्धा पटलं होतं. फक्त घरी आल्यावर ते उतरून गेलं.

"काय मग, आज मज्जा करायची?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

"तुमच्या कामाला मराठीत मज्जा-मानसशास्त्र म्हणतात ना? आईनं सांगितलं," भिंगरी म्हणाली. "पण मागच्या वेळी मज्जा कमी होती आणि मानसशास्त्रच जास्त होतं."

ठोकळेबाई इतक्या हसल्या की ओढणी पूर्णच खाली आली. दोघी आत गेल्या. दार लागलं.

आणि बाहेरच्या चौघांपैकी तीन माणसं एकमेकांची नजर चुकवू लागली.

त्याचं कारण असं. मागच्या तपासणीत भिंगरी एकटी बसेना, म्हणून ताईला मागच्या खुर्चीवर बसू दिलं होतं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. ताईनं तोंड उघडलं नाही. डोळे मात्र उघडेच होते. टेबलावर ठोकळे आले, काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही कोपऱ्यातून कोपऱ्यात अर्ध्या-अर्ध्या. समोर कार्ड ठेवायचं आणि ठोकळे जुळवून तशी नक्षी मांडायची. पहिल्या सोप्या नक्षीलाच भिंगरीचे हात अडकले, आणि पुढच्या सातही तशाच गेल्या. ठोकळा फिरव फिरव फिरवला आणि मग ती म्हणाली, "डोळ्यांना दिसतंय, पण हातांना दिसत नाही." आणि रडायलाच लागली. ठोकळेबाईंनी कार्डं लगेच आवरली, म्हणाल्या, हा भाग पुढच्या वेळी.

ताई मागच्या खुर्चीत घामानं ओलीचिंब झाली होती. कारण तिलाही ती नक्षी मांडता आली नसती.

घरी गेल्यावर तिनं धाकट्याला मागच्या खोलीत ओढलं. "असे असे ठोकळे होते. पुठ्ठ्याचे करून दे." धाकट्याला तेवढंच हवं होतं. या घरात संकट आलं की आधी पुठ्ठा कापतात, मग विचार करतात. संध्याकाळपर्यंत नऊ ठोकळे तयार झाले, लाल आणि पांढऱ्या बाइंडिंगच्या कापडानं मढवलेले, कडा अशा धारदार की ठोकळेबाईंच्या ठोकळ्यांनी लाजावं. खळ आजोबांनी लावली. "सूनबाईला सांगायचं नाही," एवढीच त्यांची अट. आणि ताईनं, रद्दीच्या ढिगावर बसून, कार्डावरच्या ज्या आठ नक्ष्या त्या दिवशी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या आणि ज्या तिनं बसल्या जागी मनात शब्दांनी टिपून ठेवल्या होत्या, त्या प्रत्येकीचं गाणं रचलं.

लाल बसली लालापाशी, पांढरी गेली रुसून
कोपऱ्यातल्या टोपीवाल्या, खाली बघ तू हसून

आठ दिवसांत भिंगरीला आठही गाणी पाठ झाली. गाणं म्हणत ठोकळे मांडले की नक्षी जुळायची. ताई आनंदानं वेडी झाली होती. तिच्या आईला जसं वाटलं असेल, तसंच तिला वाटत होतं.

आणखी एक गोष्ट मात्र तिच्या उरात दाभणासारखी रुतून बसली होती. घरी भरून द्यायचा तो फॉर्म. गेल्या रविवारी कागद कापायच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले होते, भावजय मोठ्यानं वाचत होती आणि उत्तरं लिहीत होती. मूल कधी चालायला लागलं, कधी बोलायला लागलं. तेविसावा प्रश्न आला: कुटुंबात आणखी कुणाला शिकताना, दिशा ओळखताना किंवा हातानं मांडणी करताना अशी अडचण आहे किंवा होती का?

"नाही," ताई म्हणाली. वाक्य पूर्ण व्हायच्या आतच म्हणाली.

"आमच्या घरात?" धाकटा हसला. "ताईकडे बघ. चाळीस वर्षांत एक फर्मा उलटा नाही. आणि तिनं शाळा माझ्यासाठी सोडली, नाहीतर आज कुठल्या कुठे असती. मी शाळेत जायला लागलो त्याच वर्षी तिनं दप्तर खुंटीला टांगलं. कारखान्यात हात हवे होते ना!"

हे तो प्रत्येक समारंभात सांगायचा, आणि सांगताना दर वेळी त्याचे डोळे भरून यायचे. भावजयीनं 'नाही' लिहिलं. आजोबांचा चष्मा टेबलावरून खाली पडला. तो शोधायला ते बराच वेळ टेबलाखालीच राहिले.

*

तासाभरानं दार उघडलं. "दहा मिनिटं सुट्टी," ठोकळेबाई म्हणाल्या. "हात-तोंड धुऊन या. मग ठोकळे."

"मी नेते," ताई उठली.

जाताना तिनं मनातल्या मनात ओवून घेतलं: आपलं हिरवं दार, मग पाण्याचं पिंप, मग कुंडी. येताना उलटं म्हणायचं. जाणं सोपं झालं. पण दोघी हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा कुणीतरी कुंडी उचलून जिन्यापाशी पाणी घालायला नेली होती.

माणसाला वाटतं, वाट म्हणजे वाट. ज्याला वाट पाठ करावी लागते त्यालाच कळतं, की एक कुंडी हलली तर अख्खी इमारत हलते. ताई एका बाजूला वळली. सगळी दारं एकासारखी एक. तिनं पुन्हा वळण घेतलं, मग पुन्हा एक. एक जिना उतरल्यासारखा वाटला, एक चढल्यासारखा. हिरवं दार दिसलं. ती हुश्श करून आत शिरली.

आत चार माणसं गाल धरून बसली होती.

"कुणाचा दात?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"आत्याचा," भिंगरी तत्परतेनं म्हणाली. "अक्कलदाढ. अजून आलीच नाहीये."

गाल धरलेल्यांपैकी एक आजी हसल्या आणि लगेच कळवळल्या. ताईनं भिंगरीला बाहेर ओढलं. जिन्याच्या पायरीवर दोघी बसल्या आणि तोंडावर हात धरून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की भिंगरीला उचकी लागली.

मग उचकीच्या मधेच ती म्हणाली, "आत्या, तू पण हरवतेस?"

ताईचं हसू ओठांवर होतं तिथंच राहिलं. मनगटावरचा दोरा तिनं साडीच्या पदराखाली घेतला.

"छे गं. मी पाय मोकळे करत होते."

"हां," भिंगरी म्हणाली. तिनं पायरीवरची धूळ बोटानं सारखी केली. "मग मीच एकटी हरवते."

एवढंच म्हणाली. रडली नाही, रुसली नाही. नऊ वर्षांच्या माणसानं एखादी गोष्ट मान्य करून टाकावी तशी म्हणाली. तेवढ्यात वरून धाकट्याची हाक आली, "अगं, कुठे आहात दोघी?" आणि हाकेच्या दोरीला धरून दोघी वर आल्या.

*

ठोकळ्यांना वीस मिनिटं लागतील असं सांगितलं होतं. सहाव्या मिनिटालाच दार उघडलं.

"सगळेच या आत," ठोकळेबाई म्हणाल्या. चेहरा गंभीर ठेवायची त्या पराकाष्ठा करत होत्या. गाल मात्र आतून थरथरत होते.

खोली लहान होती. आजोबांना एकमेव मोठी खुर्ची मिळाली. भावजय स्टुलावर, धाकटा मुलांच्या पिवळ्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसला. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावर लाल-पांढरी नक्षी नीट मांडलेली. शेजारी एक कार्ड, पालथं.

"भिंगरीनं पहिली नक्षी सात सेकंदांत मांडली," ठोकळेबाई म्हणाल्या. "दुसरी पाच सेकंदांत. मी म्हटलं, वा! आणि मग मी तिसरं कार्ड उचलायच्या आधीच तिनं तिसरी नक्षी मांडून ठेवली."

भावजयीनं मान पुढे काढून टेबलाकडे पाहिलं.

"मी कार्ड उलटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे बघा. अजून पालथंच आहे."

"घाई झाली," भिंगरी दिलगिरीनं म्हणाली. "टोपीवाल्याचं गाणं लवकर संपतं."

धाकट्यानं छताकडे पाहिलं. आजोबांनी कानातलं यंत्र काढून पुसायला घेतलं. भावजय हळूहळू वळली. "कुठलं गाणं? कुठला टोपीवाला?" आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणून परवा उशीखाली मला तो लाल ठोकळा सापडला होता! मला म्हणालात पेपरवेट आहे!"

"पेपरवेटसुद्धा होतो," धाकटा म्हणाला.

"पुठ्ठ्याचा?"

"कडा चांगल्या आल्यात," आजोबा म्हणाले. कानातलं यंत्र काढूनही त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"लाज नाही वाटली? मी एकटी मूर्खासारखी शाळेत बाईंशी भांडत होते, आणि तुम्ही तिघं माझ्या पाठीमागे कारखाना काढून..."

"आई," भिंगरी मधेच म्हणाली, "तू पण वेणी घालताना मला इथं विचारतात तसे आकडे उलटे म्हणायला शिकवलेस. सात-दोन-नऊ, नऊ-दोन-सात."

भावजयीचं तोंड उघडं होतं ते मिटलं. ठोकळेबाईंना आता आवरेना. ओढणी तोंडात कोंबून त्या हसल्या, मग धाकटा हसला, मग सगळी खोलीच हसली. पिवळी खुर्ची कुरकुरली.

ताई तेवढी हसली नाही.

ठोकळेबाईंनी डोळे पुसले. "रागावत नाही मी. एवढ्या वर्षांत मुलांना शिकवून आणलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. पण चौघांनी मिळून, आणि तेही चालीत..." मग त्यांनी कार्ड सरळ केलं आणि आवाज खाली आला. "पण एक सांगते. हिनं जरा दम धरला असता, कार्ड उलटायची वाट पाहिली असती, तर मला कळलंही नसतं. मी लिहिलं असतं, मांडणी उत्तम, अडचण काही नाही. आणि शाळेनं काय म्हटलं असतं?"

"आळस," भावजय हळूच म्हणाली.

"आळस. तुम्ही हिला मदत केली नाहीत. हिची अडचण तुम्ही पुठ्ठ्यानं मढवलीत. सुबक मढवलीत, कडा चांगल्या आल्यात, आजोबा. पण आत जे आहे ते कुणाला दिसणारच नाही असं करून ठेवलंत."

ताईला वाटलं, हे कुणीतरी तिच्याच पाठीवर हात ठेवून बोलतंय.

"मग आता?" धाकट्यानं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "मग अहवाल नाही मिळणार?"

"मिळेल. आज हा भाग धरता येणार नाही, दुसऱ्या रीतीनं बघू. आणि खरं सांगू? तुमच्या चुकीनं मला फार मोठी गोष्ट कळली. मागच्या वेळी जिला एकही नक्षी जमली नाही, तिनं शब्दांच्या जोरावर नुसत्या आठवणीनं मांडून दाखवली. म्हणजे हिच्या आतला बघून मांडणारा कारागीर दमतो, आणि ऐकून करणारा पहिल्या नंबरचा आहे. शाळेला हे सांगितलं तर गणितसुद्धा हिला बोलून शिकवता येईल." त्या थांबल्या. "पण ही गाणी रचली कुणी? आठ दिवसांत अचूक आठ गाणी, मघाशी हीच म्हणाली. जो माणूस नक्षी नुसत्या डोळ्यांनी बघतो त्याला असं सुचत नाही. त्याला गरजच पडत नाही. हे ज्यानं केलंय, त्याला वाट माहीत आहे."

"ताईनं," धाकटा अभिमानानं म्हणाला. "ती काहीही करते. चाळीस वर्षांत..."

"एक फर्मा उलटा नाही," भावजय आणि भिंगरीनं एकदमच पूर्ण केलं.

ठोकळेबाईंची नजर ताईच्या मनगटावर गेली. तिथून भिंगरीच्या मनगटावर. तिथंही मेणलेला दोरा होता, तसाच, त्याच गाठीचा.

"हा कशाला गं?"

"हा उजवा," भिंगरी म्हणाली. "आत्यानं बांधला. तिलाही आहे, पण तिचा शिवायचा आहे."

ठोकळेबाईंनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी फक्त फाइल उघडली, पानं चाळली आणि एका जागी बोट ठेवलं. "तेविसावा प्रश्न. इथं 'नाही' लिहिलंय. मी कुणाला धरून विचारत नाही. पण घरात असं माणूस असेल, ज्यानं अशाच डोळ्यांनी आयुष्य काढलंय, काम शिकलंय, तर मला त्याच्याकडून शिकायचंय. आणि हिला," त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, "हिला तर माझ्यापेक्षा त्याचीच गरज आहे."

आजोबांनी कानातलं यंत्र परत बसवलं. ताईच्या आईला दिलेला गप्प राहायचा शब्द चाळीस वर्षं पाळून बसलेला तो म्हातारा आता थेट ताईकडे बघत होता. त्या बघण्यात आग्रह नव्हता. दुकानाचं दार उघडून बाजूला उभं राहावं, आत यायचं तर ये, तसं ते होतं.

ताईला धाकट्याचा चेहरा दिसला. पिवळ्या खुर्चीत, गुडघ्यांवर हनुवटी, पाच वर्षांचा असताना बसायचा तसाच. त्या वर्षी त्याच्या हातात पाटी आली आणि हिच्या हातात सुई. तेव्हापासून त्याच्यासाठी ती देवळातल्या समईसारखी होती. समईनं एकदा म्हणायचं, की मी उजेडासाठी जळत नव्हते, मला दुसरीकडे कुठे जायलाच येत नव्हतं, म्हणजे काय होईल? तो पुढच्या समारंभात काय सांगेल? डोळे कशावर भरून आणेल?

आणि पायरीवर बसलेली ती, धूळ सारखी करणारी. *मग मीच एकटी हरवते.*

ताईनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला, दोरा वर करून.

"ते खोडा, मॅडम," ती म्हणाली. "तेवीस नंबर. तिथं 'हो' लिहा. मी खोटं सांगितलं."

"ताई, अगं काय..."

"थांब रे. एकदा बोलू दे, नाहीतर राहून जाईल." तिचा आवाज कापत होता, तरी त्याला कुठलीतरी चाल होती. "मला डावं-उजवं कळत नाही. आजही नाही. हा दोरा नसेल तर मी ताट उलटं वाढेन. घड्याळात मी किती वाजले ते बघत नाही, कारखान्यात ऊन कुठे आलंय ते बघते. ते गाणं धंद्यातलं नाही. तीन पिढ्यांचं नाही, पाचांचं तर नाहीच. ते आईनं माझ्यासाठी केलं, कारण मला एक कागद दुमडता येत नव्हता."

धाकटा उठायला गेला. पिवळी खुर्ची त्याच्याबरोबरच उठली. कुणी हसलं नाही.

"आणि शाळा मी तुझ्यासाठी नाही सोडली. तू म्हणायचास आणि मला गोड वाटायचं, म्हणून गप्प राहिले. मला वर्गात भूमितीच्या वहीसकट उभं करायचे, सगळे हसायचे. एक दिवस मी शाळेत गेलेच नाही. कारखान्यात जाऊन रद्दीत लपले. आईनं मला तिथं शोधलं. तू त्यात कुठंच नव्हतास रे. तुझ्यावर माझे काहीच उपकार नाहीत."

धाकट्यानं खुर्ची पाठीवरून सोडवली. नाक ओढलं. "म्हणजे," तो म्हणाला, "एवढी वर्षं मी फुकट रडलो?"

"फुकट कसं?" आजोबा म्हणाले. "दर वेळी जेवण छान व्हायचं."

हसू फुटलं ते भावजयीला. ती हसता हसता उठली आणि ताईच्या त्या टेबलावरच्या हातावर आपला हात ठेवून उभी राहिली, आणि धाकट्यानं त्यावर आपला ठेवला, ज्या हातानं सकाळीच पुठ्ठा कापला होता. ठोकळेबाईंनी पेन उचललं. कागदावरचा एक शब्द आडवी रेघ ओढून खोडला.

पण ताईचं अजून संपलं नव्हतं. तिनं हात हळूच सोडवून घेतला, टेबलाला वळसा घातला. आधी चुकीच्या बाजूनं, मग दोरा बघून बरोबर. भिंगरीसमोर ती उकिडवी बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका ओळीत आले.

"भिंगरे," ती म्हणाली, "मघाशी मी पाय मोकळे करत नव्हते गं. मी हरवले होते."